कामावरच्या अपघाताचा दावा खारीज होण्याआधी आणि झाल्यावर

प्रेसमध्ये बोटं गेली, साइटवरून पडून पाय मोडला, किंवा घरचा कमावता माणूसच गेला. नुकसानभरपाईचा दावा दाखल झाला आणि मग वर्ष-दोन वर्षं काहीच हललं नाही. मालक गप्प, वकील म्हणतात ‘तारीख लागली की सांगतो’, आणि एक दिवस कानावर येतं की केस खारीज झाली. नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या कारखान्यांच्या पट्ट्यात हे वाक्य सहज ऐकू येतं: “केस तं टाकली होती भाऊ, पण तिचं पुढं काय झालं माहीत नाही.” कोर्टाची पायरी कधी न चढलेला कामगार, त्याच्या घरची माणसं आणि युनियनमध्ये नव्यानं काम करू लागलेले कार्यकर्ते, यांच्यासाठी हे लिहितो आहे.

गैरहजेरीमुळे खारीज झालेला दावा खोटा ठरलेला नसतो. कोर्टानं तो तपासलेलाच नसतो. म्हणून तो परत उभा करता येतो. मात्र त्यासाठी मिळणारी मुदत फार तोकडी आहे: ३० दिवस.

आधी दावा कुठे आहे ते शोधा

पहिला गोंधळ ‘आयुक्त’ या शब्दापासून सुरू होतो. नुकसानभरपाईचा दावा ‘आयुक्तांपुढे’ चालतो असं कागदावर लिहिलेलं असतं, म्हणून माणसं कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन उभी राहतात आणि तिथला बाबू म्हणतो, इथं अशी केसच नाही. नागपुरात कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्त म्हणून हे दावे चालवतात. कामगार आयुक्तांचं कार्यालय वेगळं, हे कोर्ट वेगळं. तुमच्याकडे समन्स, अर्जाची प्रत किंवा वकिलानं दिलेली चिठ्ठी असेल तर तीवर कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक आणि वर्ष पाहा. या तीन गोष्टी मिळाल्या की पुढचं काम सोपं होतं.

दुसरा गोंधळ ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा. पगारातून ईएसआय कापला जात असेल, म्हणजे तुम्ही विमाधारक कामगार असाल, तर १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे मालकाविरुद्ध नुकसानभरपाईचा वेगळा दावा चालत नाही. तुमचा हक्क ईएसआय महामंडळाकडे, अपंगत्व लाभ किंवा अवलंबितांच्या लाभाच्या रूपात असतो. सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार त्या योजनेत येतात. असा दावा चुकून कामगार न्यायालयात पडून असेल तर तो जिवंत ठेवण्यात जीव काढू नका, ईएसआयकडे अर्ज करा.

तिसरी गोष्ट कायद्याच्या नावाची. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा २०१० पासून ‘कर्मचारी नुकसानभरपाई कायदा’ म्हणून ओळखला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला. पण आज कोर्टात धूळ खात पडलेले दावे त्याआधीच्या अपघातांचे आहेत आणि ते जुन्या कायद्यानंच तपासले जातात. हा लेख त्यांच्याबद्दल आहे. अपघात नवा असेल तर अर्ज कोणाकडे आणि कोणत्या नमुन्यात करायचा, हे दाखल करण्यापूर्वी विचारून घ्या.

दावा थंड कसा पडतो

कायद्यात असं लिहिलंय की आयुक्तांनी दावा तीन महिन्यांत निकाली काढावा. कलम २५-अ. वाचून हसू नका, हे कलम खरंच आहे. प्रत्यक्षात दावा रेंगाळतो आणि रेंगाळण्याची कारणं ठरलेली असतात.

सगळ्यात पहिलं कारण समन्स. ठेकेदार पत्ता सोडून गेलेला असतो, समन्स पोहोचवणारा कोर्टाचा बेलिफ जाऊन येतो, समन्स ‘सदर इसम मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. आता चेंडू तुमच्याकडे आला, हे कोणी सांगत नाही. समन्स परत आल्यानंतर सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज केला नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम ५ प्रमाणे त्या गैरअर्जदाराविरुद्धचा (म्हणजे ज्याच्यावर दावा केला त्याच्याविरुद्धचा) दावा खारीज होऊ शकतो. समन्सचा भत्ता भरला नाही म्हणून बजावणी झाली नाही, तरी तेच. (ही संहिता इथं पूर्ण लागू नाही, पण नुकसानभरपाई कायद्याखालच्या १९२४ च्या नियमांतल्या नियम ४१ मुळे तिचे समन्स, गैरहजेरी आणि तहकुबी (सुनावणी पुढे ढकलणं) यांचे आदेश लागू होतात.) ठेकेदार सापडतच नसेल तर दोन वाटा आहेत. पर्यायी बजावणी मागा, म्हणजे दारावर चिकटवणं किंवा वर्तमानपत्रात प्रसिद्धी. आणि कंपनीच्या आवारात ठेकेदारामार्फत काम करत होता, तर नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १२ खाली मुख्य मालकालाही गैरअर्जदार करा. ठेकेदार पळाला म्हणून दावा पळत नाही.

दुसरं कारण डॉक्टर. हातापायाचा दावा असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र सहसा पुरत नाही. कमावण्याची ताकद किती टक्के गेली, हे डॉक्टरनं सांगावं लागतं आणि मालकाची विमा कंपनी त्यांची उलटतपासणी मागतेच. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांची बदली झालेली असते, कधी ओपीडी असते, आणि तारखा जात राहतात. ‘डॉक्टर आले नाहीत’ या नावावर तहकुबी मागत बसू नका. साक्षीदार समन्ससाठी लेखी अर्ज द्या, भत्ता भरा, आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या दर तारखेच्या नोंदीत) त्याची नोंद झाली ना ते पाहा. पुढे कोणी ‘अर्जदाराला रस नाही’ म्हणालं, तर ही नोंदच तुमच्या बाजूनं बोलते.

तिसरं कारण माणसाचं गाव. बालाघाट, छत्तीसगड, बिहारकडचे कामगार हात गेल्यावर नागपुरात खोली करून किती दिवस राहणार? इसासनी किंवा वानाडोंगरीतली खोली सुटते, मोबाईल नंबर बदलतो, नोटीस जुन्या दारावरून परत जाते. पत्ता बदलला की कोर्टात एका ओळीची पुरसिस (लेखी निवेदन) द्या: नवा पत्ता, नवा नंबर. वकिलाला फोनवर सांगितलं म्हणजे कोर्टाला कळलं, असं होत नाही. ज्यांचा दावा अजून दाखलच व्हायचा आहे त्यांनी हेही लक्षात ठेवा की कलम २१ प्रमाणे तो अपघाताच्या ठिकाणी, अर्जदार राहतो त्या ठिकाणी किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल त्या ठिकाणी करता येतो. गावी परतायचंच असेल तर दावाही तिकडे लावण्याचा विचार आधीच करा.

चौथं कारण मला सगळ्यात जास्त खुपतं. मालकाचा माणूस घरी येतो, चाळीस-पन्नास हजार हातावर ठेवतो, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतो आणि सांगतो, आता कोर्टात जायची गरज नाही. कामगार तारखेला जाणं सोडतो. पुढे केस गैरहजेरीत खारीज होते आणि मालक दोन्हीकडून सुटतो. या कागदाची कायद्यात किंमत काय? हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल असतो. तडजोड करायची तर तिचं निवेदन आयुक्तांकडे नोंदवावं लागतं, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते. विधवेच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. अपवाद फक्त तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतच्या आगाऊ रकमेचा.

त्या चाळीस हजारांच्या समोर काय होतं, ते एकदा मांडून पाहू. वय ३० पूर्ण, वेतन १५,००० किंवा जास्त (३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी १५,००० चीच मर्यादा धरतात). अंगठा गेला, कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे कमाईची क्षमता ३० टक्के कमी. पंधरा हजारांचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला वयाचा गुणक २०७.९८ लावला की १८,७१,८२० येतात, आणि त्याचे ३० टक्के ५,६१,५४६ रुपये. वर दरसाल १२ टक्के सरळ व्याज, म्हणजे वर्षाला सुमारे ६७ हजार. मालकानं काही सबळ कारण नसताना पैसे अडकवले असतील तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. भरपाई निकालाच्या नव्हे, अपघाताच्या तारखेपासून देय होते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७५ साली एका सुताराच्या प्रकरणात सांगितलं; त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता.

केस जिवंत आहे का, हे स्वतः पाहा

ई-कोर्ट्सचं ॲप मोबाईलवर टाका. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असेल तर तोच टाका, नसेल तर प्रकरण क्रमांक आणि वर्ष. शोधताना जिल्हा न्यायालयाच्या यादीत केस दिसली नाही म्हणून घाबरू नका. महाराष्ट्रातली औद्योगिक आणि कामगार न्यायालयं तिथं वेगळी दाखवलेली असतात. केस सापडली की पुढची तारीख आणि टप्पा पाहा: समन्स, लेखी जबाब, मुद्दे, अर्जदाराचा पुरावा, युक्तिवाद.

ॲपवर विसंबून मात्र राहू नका. नोंदी उशिरा चढतात. खरा कागद रोजनामा. दर तारखेला कोण हजर होतं, कोणी वेळ मागितला, कोर्टानं काय म्हटलं, हे त्यात असतं. संबंधित कोर्टाच्या लिपिकाकडे अर्ज देऊन तो पाहता येतो. ‘अर्जदार व वकील गैरहजर’ असं लागोपाठ दिसलं तर समजा की धोका दारात आहे. ‘शेवटची संधी’ हे दोन शब्द दिसले तर पुढच्या तारखेला सगळं सोडून जा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ नुसार सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या मिळू नयेत. कोर्टं एरवी ढील देतात, पण ती ढील तुमचा हक्क नाही.

तारखेला गेल्यावर पुकारा होईपर्यंत दालनाजवळच थांबा. चहाला खाली गेलं, पुकारा झाला आणि केस खारीज, असं सर्रास घडतं. तसं झालंच तर त्याच दिवशी, न्यायाधीश उठायच्या आत परत उभं राहून सांगा. त्याच दिवशीची दुरुस्ती सगळ्यात सोपी. आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन चालू असताना तारीख असेल तर घरून तासभर आधी निघा. सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कधी अडवतील, नेम नसतो.

खारीज झाली. आता आदेशाचं शेवटचं वाक्य वाचा

इथं बहुतेक जण घाई करतात आणि चुकीचा अर्ज देतात. ‘खारीज’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

दोन्ही बाजू गैरहजर होत्या आणि दावा खारीज झाला, तर आदेश ९ चा नियम ३ लागतो. तुम्ही दावा पुनर्स्थापित करण्याचा, म्हणजे परत उभा करण्याचा, अर्ज देऊ शकता, किंवा नव्यानंही दावा करू शकता. पण नव्या दाव्याला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. ती उलटली असेल तर उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं, म्हणून जुना दावाच उठवणं बरं.

समोरचा हजर आणि फक्त तुम्ही गैरहजर, तर नियम ८. आता त्याच कारणावर नवा दावा करता येत नाही. नियम ९ खाली जुना उठवणं हीच वाट. आणि इथंच गरीब अर्जदार अडकतो. मालक एखाद्या तारखेला चुकेल, पण विमा कंपनीचे वकील चुकत नाहीत. ते एकाच दिवशी त्याच कोर्टात अनेक प्रकरणांत उभे असतात. त्यामुळे तुमची एक गैरहजेरी सहसा नियम ८ मध्येच जाऊन पडते. मालकानं काही रक्कम आधीच कबूल केली असेल तर कोर्ट तेवढी मंजूर करू शकतं. लेखी जबाबात असं काही आहे का, ते तपासून घ्या.

तिसरा प्रकार सगळ्यात कठीण. पुरावा दिला नाही म्हणून कोर्टानं हातातल्या कागदांवरच मुद्द्यांची उत्तरं नकारार्थी देऊन दावा फेटाळला, तर तो गुणदोषांवरचा निकाल झाला. इथं पुनर्स्थापनेचा अर्ज टिकेलच असं नाही. नुकसानभरपाई कायद्याच्या कलम ३० खाली ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करावं लागू शकतं, आणि तिथं कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. आदेशात ‘गैरहजेरीमुळे’ लिहिलंय की ‘पुराव्याअभावी’, हा फरक वकिलाकडून त्याच आठवड्यात समजून घ्या.

पुनर्स्थापनेचा अर्ज

मुदत खारीज झालेल्या तारखेपासून ३० दिवस. तुम्हाला कळलं त्या तारखेपासून नाही. नकलेसाठी अर्ज जरूर करा, पण प्रमाणित नक्कल यायची वाट पाहत हे ३० दिवस घालवू नका. अपिलात नकलेचे दिवस वगळतात, या अर्जात ती सवलत धरून चालू नका. साध्या प्रतीवर अर्ज दाखल करा, नक्कल मागून जोडा.

अर्जात मूळ प्रकरणाचा क्रमांक, पक्षांची नावं, खारीज झाल्याची तारीख, त्या दिवशी गैरहजर राहण्याचं कारण आणि दावा पूर्ववत फाइलवर घेण्याची विनंती एवढं असतं. सोबत स्वतःचं शपथपत्र. न्यायाधीश वाचतात ते कारण. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ असं लिहिलेला अर्ज म्हणजे कोऱ्या कागदावर सही. त्या तारखेला मेडिकलमध्ये भरती होता, तर डिस्चार्ज कार्ड. घरात कोणी वारलं, तर मृत्यूचा दाखला. गावी होता, तर रेल्वेचं तिकीट. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, तर परत आलेला लखोटा प्रकरणाच्या फाइलमध्येच असतो, त्याचा पान क्रमांक द्या. वकील आले नाहीत, हे कारण असेल तर १९८१ चा सर्वोच्च न्यायालयाचा रफिक विरुद्ध मुन्शीलाल हा निकाल तुमच्या बाजूचा आहे: वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला नको. पण तुम्ही स्वतः दोन वर्षं वकिलाला फोनही केला नसेल, तर त्या निकालाच्या आड लपता येणार नाही. केलेले फोन, पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा आणि जोडा.

माझा आग्रह आहे की याच अर्जासोबत पुढच्या कामाची तयारीही दाखवा. अर्जदाराच्या सरतपासणीचं (त्याच्या स्वतःच्या साक्षीचं) शपथपत्र तयार करून आणा, डॉक्टरांच्या समन्सचा अर्ज जोडा. ‘दावा फाइलवर घेतला तर पुढच्या तारखेला पुरावा देतो’ हे नुसतं म्हणणं आणि कागद हातात घेऊन म्हणणं यात न्यायाधीशाला फरक कळतो. कोर्ट गैरअर्जदारांना नोटीस काढेल, विमा कंपनी विरोध करेल. खर्चाची अट घातली तर ती रक्कम त्याच दिवशी किंवा दिलेल्या मुदतीत भरा. अट पाळली नाही तर मिळालेला आदेशही हातचा जाऊ शकतो. मधल्या काळाचं व्याज मिळणार नाही, अशीही अट येऊ शकते. दावा उठत असेल तर तेवढं सोसा.

३० दिवस उलटले असतील तर विलंब माफीचा अर्ज वेगळा आणि त्याचं शपथपत्र वेगळं. कधी कळलं, कोणी सांगितलं, कळल्यावर किती दिवसांत हालचाल केली, हे तारखांनिशी लिहा. प्रत्येक दिवसाचा हिशेब अक्षरशः मागत बसू नये, व्यवहारज्ञान वापरावं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ च्या कातीजी प्रकरणात म्हटलंय. तरीही कळल्यानंतरचे रिकामे महिने कोणी माफ करत नाही. तीन वर्षांनी कळलं आणि आठवड्यात अर्ज केला, हे तीन महिन्यांनी कळून वर्षभर बसून राहण्यापेक्षा सांगायला सोपं आहे.

मूळ अर्जदारच वारला असेल तर आधी वारसांची नावं लावण्याचा अर्ज, मग बाकीचं. मृत्यूचा दाखला आणि कुटुंबाचा पुरावा म्हणून रेशनकार्ड, आधार हाताशी ठेवा.

अर्ज फेटाळला तर, आणि पैसे नसतील तर

पुनर्स्थापनेचा अर्ज नाकारला तर पुढची वाट सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची. अपील की रिट याचिका, हे आदेशाच्या स्वरूपावर ठरतं आणि ते ठरवणं वकिलाचं काम आहे. तुमचं काम दोन्ही आदेशांच्या प्रमाणित प्रती लगेच काढून त्याच्या हातात देण्याचं.

वकील करायला पैसे नाहीत म्हणून बसून राहू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींनाही तसाच. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. उच्च न्यायालयासाठी खंडपीठाची वेगळी विधी सेवा उपसमिती आहे. टोल फ्री क्रमांक १५१००. जाताना आधार, प्रकरण क्रमांक आणि खारीज आदेशाची प्रत न्या, नाहीतर पहिली फेरी फुकट जाते. शिवाय नुकसानभरपाई कायद्याच्या कलम २४ प्रमाणे नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही तुमच्या वतीनं आयुक्तांपुढे उभा राहू शकतो. ही सोय फार कमी संघटना वापरतात.

जुना वकील बदलायचा असेल तर त्याची ‘ना हरकत’ घ्या. तो देत नसेल तर कोर्टाची परवानगी मागता येते. फाइल अडवून धरली तरी अडू नका. अर्ज, लेखी जबाब आणि दाखल कागद यांच्या नकला कोर्टातून मिळतात, आणि नव्या वकिलाला सुरुवात करायला तेवढ्या पुरतात.